युद्धातल्या सुडाची पटकथा कशी जोखावी: नव्या स्क्रिप्ट-वाचकांसाठी

निर्मात्यासाठी स्क्रिप्ट वाचून अहवाल देण्याचं काम नव्याने सुरू केलं, की युद्धाच्या पार्श्वभूमीवरची एखादी सूडकथा लवकरच हातात येते. लेखकांना हा प्रकार आवडतो, कारण नायकाला काय हवंय हे पहिल्या वीस पानांत ठरून जातं. वाचणाऱ्याला मात्र तो चकवतो. अन्याय आहे, शत्रू आहे, बंदुका आहेत, शेवट कुठे जाणार तेही माहीत आहे, त्यामुळे पहिल्या वाचनात सगळं भक्कम वाटतं. अहवाल लिहायला बसल्यावर कळतं, की त्यात जोर पटकथेचा किती आणि युद्धाचा किती हे आपण वेगळं काढलेलंच नाही.

ते वेगळं कसं काढायचं, हे एका नमुन्यावर बघू. समजा, हातात आलेली गोष्ट अशी आहे: १९४४चा उन्हाळा, इटली. मराठा पलटणीतला साताऱ्याकडचा एक नाईक (शिपायाच्या वरचा हुद्दा). त्याचा धाकटा भाऊ त्याच पलटणीत आहे. तो जखमी होऊन हात वर करतो आणि एक जर्मन अधिकारी त्याला जवळून गोळी घालतो. थोरला हे समोरच्या टेकडीवरून बघतो. पुढचे दहा महिने तो लढत लढत उत्तरेकडे सरकतो आणि त्या अधिकाऱ्याचा माग काढतो. ही गोष्ट मी रचलेली आहे, पण तिच्यामागचा इतिहास खरा आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी तेव्हा ब्रिटिशांच्या बाजूने इटलीत लढत होत्या, आणि तिथे रेजिमेंटच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं: नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि शिपाई नामदेव जाधव यांना हयातीत.

पायरी १: आधी नुसतं वाचा, मग दोन वाक्यं लिहा

पहिलं वाचन एका बैठकीत करा आणि हातात पेन घेऊ नका. कुरिअर टाइपात, १२ पॉइंटात छापलेलं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा हिशेब तुम्हाला शिकवलेला असेल. युद्धपटात तो कोलमडतो. ‘रात्रभर चकमक चालते’ ही एक ओळ आठ मिनिटं खाऊ शकते. उलट, प्रत्येक गोळीचं वर्णन करणारी चार पानं दीड मिनिटात संपतात. म्हणून लढाईची पानं वेगळी मोजा आणि लांबीचा अंदाज स्वतःचा स्वतः बांधा.

मग पटकथा मिटून आठवणीतून दोन वाक्यांत गोष्ट लिहा. लिहून झाली की त्यातून युद्ध काढून टाका आणि बघा काय उरतं. नमुन्यातल्या गोष्टीत भावाच्या जागी भाऊच ठेवला, जर्मन अधिकाऱ्याच्या जागी वाळूमाफिया आणला आणि तरी एकही प्रसंग बदलावा लागला नाही, तर युद्ध नुसतं नेपथ्य आहे. निर्माता नेपथ्याला युद्धाचे पैसे देणार नाही, आणि त्याने देऊही नयेत.

पायरी २: जखम तपासा

अन्याय कितव्या पानावर होतो हे टिपा. दहाव्याच्या आत झाला असेल, तर मेलेला माणूस त्याआधी काय करत होता ते शोधा. फार वेळा तो फक्त हसत असतो. धाकटा भाऊ म्हणजे बासरी वाजवणारा, बायको म्हणजे अंगणात केस वाळवणारी, मुलगी म्हणजे फुगा. ही माणसं मरण्यासाठीच लिहिलेली आहेत हे प्रेक्षकाला लगेच कळतं आणि तो मनातून मागे सरकतो. त्या माणसाने मरण्यापूर्वी किमान एक निर्णय घेतलेला असावा, आणि शक्यतो नायकाच्या मनाविरुद्धचा. धाकट्याने थोरल्याला न सांगता भरतीचा अंगठा दिलेला असेल, तर त्याच्या मरणात थोरल्याचा रागही मिसळतो आणि सूड एकपदरी राहत नाही.

दुसरी युक्ती एका जुन्या फ्रेंच चित्रपटात दिसते. ‘ल व्ह्यो फ्युझी’ हा १९७५चा चित्रपट. सेझार पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९७६ मध्ये, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला मिळाला. १९४४च्या फ्रान्समधला एक शल्यचिकित्सक बायको-मुलीला सुरक्षित म्हणून गावाकडच्या गढीत पाठवतो. तिथे जर्मन सैनिक त्यांना मारतात, आणि हा माणूस एक जुनी शिकारी बंदूक घेऊन त्या सैनिकांना एकेक करून टिपतो. पण हत्यांच्या अधेमधे बायकोच्या आठवणी येत राहतात, आणि त्या सगळ्याच गोडगुलाबी नाहीत. मेलेली बाई चित्रपटभर वाढत जाते. तुमच्या हातातल्या पटकथेत जखम दहाव्या पानावर होऊन विसाव्या पानावर विसरली गेली असेल, तर तसं अहवालात स्पष्ट लिहा.

पायरी ३: दोन रंगांच्या पेन्सिली घ्या

माझ्या मते या प्रकारातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही आहे, आणि नवे वाचक नेमकी हीच वगळतात. युद्धात माणसं मारणं हे नायकाचं रोजचं काम आहे. त्याचा पगार त्याला मिळतो, जास्त मारली तर पदक मिळतं. मग त्यातली एखादी हत्या सूड कधी ठरते?

पटकथेतली प्रत्येक हत्या शोधा. हुकुमावरून केलेल्या हत्येखाली निळी रेघ ओढा, स्वतःच्या हिशेबासाठी केलेल्या हत्येखाली लाल. मग पानं चाळा. सगळी पटकथा निळी असेल तर तो युद्धपट आहे आणि त्यावर सुडाचं लेबल नुसतं चिकटवलेलं आहे. सगळी लाल असेल तर हा माणूस सैन्यात कसा टिकला, याचं उत्तर लेखकाकडे हवं. निळं आणि लाल जिथे एकमेकांच्या आड येतात, तिथे खरी पटकथा सुरू होते.

यशवंत घाडगे यांचंच बघा. १० जुलै १९४४, तायबर नदीचं वरचं खोरं. जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. ते एकटे त्या मशीनगनच्या मोर्च्यावर, म्हणजे ठाण्यावर, धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने (हातातल्या छोट्या मशीनगनने) आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. हे वाचल्यावर कुठल्याही लेखकाचे हात शिवशिवतील. पण हा प्रसंग जसाच्या तसा आपल्या नायकाला दिला, तर तो शौर्याचा होईल, सुडाचा होणार नाही. तो मोर्चा घ्यायचाच होता. खाजगी राग असता-नसता, कृती तीच राहिली असती. (खऱ्या माणसाच्या मनात सूड होता असं लिहिणं ही वेगळी जोखीम आहे. घरची माणसं, गाव, रेजिमेंट या सगळ्यांना त्याबद्दल काही म्हणायचं असू शकतं. पटकथा खऱ्या नावांवर असेल तर अहवालात ही गोष्ट पहिल्या पानावरच नोंदवा.)

नामदेव जाधव यांच्या पराक्रमात पटकथाकाराला शिकण्यासारखं आहे ते घटनांच्या क्रमात. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. त्यांनी आधी दोन जखमींना गोळीबारातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. दोन खेपा केल्या. मग परत जाऊन मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले. आधी वाचवणं, मग मारणं. तुमच्या पटकथेत हाच क्रम उलटा करून बघा: नायक जखमींना तसंच सोडून आधी आपल्या माणसामागे धावतो. आता हत्या लाल झाली आणि तिची किंमत कोणीतरी मोजली.

निळ्या-लाल रेघांची कसोटी सगळ्यात कडक कुठे लागते? शत्रू हात वर करतो तिथे. १९२९च्या जिनिव्हा कराराने युद्धकैद्याला संरक्षण दिलेलं होतं. काल ज्याला मारणं कर्तव्य होतं, त्यालाच आज मारणं गुन्हा आहे. इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती २ मे १९४५ रोजी लागू झाली. नमुन्यातला नाईक त्या अधिकाऱ्यापर्यंत १ मे रोजी पोचतो की ३ मे रोजी, यावर चित्रपट कोणता हे ठरतं. आणि भाऊ हात वर केलेल्या अवस्थेतच मारला गेला होता. म्हणजे ३ मे रोजी नाईक नेमका त्या अधिकाऱ्याच्या जागी उभा राहतो. लेखकाला हे दिसलंय का? दिसलं नसेल, तरी अशी शक्यता ज्या मांडणीत दडलेली आहे ती पटकथा मी सहसा फेकत नाही, दुरुस्तीला परत पाठवते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हुकूम आणि सूड एकाच दिशेला असलेला चित्रपट वाईट असतो असं नाही. ११ जानेवारी २०१९ला आलेल्या ‘उरी: द सर्जिकल स्ट्राइक’मध्ये नायकाच्या बहिणीचा नवरा हल्ल्यात जातो, आणि नायकाला जे हवंय तेच सरकारला हवंय. अडथळा मनात नाही, मोहिमेच्या आखणीत आहे. थिएटरं दणाणली. असा चित्रपट वाचताना अंतर्द्वंद्व शोधत बसू नका. मोहीम कितपत चोख रचली आहे, माहिती कशी मिळते, काय बिघडतं, वेळ कसा संपत जातो, हे तपासा. आपल्याकडच्या थिएटरात हुकुमाचा सूड लवकर विकला जातो. हुकुमाविरुद्धचा सूड सावकाश विकला जातो, पण परदेशात लांबवर जातो. हातातली पटकथा यातली कोणती, हे ठरवल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही. लेखकाने दोन्ही एकत्र करायचा घाट घातला असेल, तर बहुतेक वेळा मध्यंतरानंतर पटकथा दुभंगते.

पायरी ४: बिल कोणाच्या नावावर फाटतं ते बघा

२३ मार्च १९४४ला रोममध्ये, व्हिया रासेल्ला नावाच्या रस्त्यावर, जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या इटालियन प्रतिकार गटाने केलेल्या स्फोटात जर्मन पोलीस दलाचे ३३ जण मेले. दुसऱ्याच दिवशी जर्मनांनी एकास दहा असा हिशेब लावला आणि शहराबाहेरच्या आर्देआतीनच्या खाणीत ३३५ जणांना मारलं. पाच जण हिशेबापेक्षाही जास्त. त्यातल्या कोणीही तो स्फोट घडवला नव्हता.

व्याप्त प्रदेशातल्या सूडकथेत हा धोका नसेल तर लेखकाने अभ्यास केलेला नाही. नमुन्यातला नाईक ज्या इटालियन गावात लपतो, तिथला पहारेकरी तो रात्री गळा दाबून मारतो आणि पुढे निघून जातो, असा प्रसंग असेल तर समासात लिहा: सकाळी गावाचं काय झालं? पटकथा मागे वळून बघतच नसेल, तर ती मोठी उणीव आहे. बघत असेल, आणि ज्या बाईने त्याला भाकरतुकडा दिला तिचं नाव पुढे कुणाच्या तोंडून त्याला कळत असेल, तर दुसरा अंक आपोआप उभा राहिला.

पायरी ५: खलनायक आणि त्याचा माग

गणवेशातली माणसं लांबून सारखीच दिसतात. मग हजारोंच्या फौजेत हाच तो, हे नायकाला कळतं कसं? पलटणीचं चिन्ह, कैद्याच्या चौकशीत निघालेलं नाव, सापडलेला फोटो, लंगडी चाल, काहीतरी ठोस हवं आणि ते टप्प्याटप्प्याने हाती यावं. योगायोग मोजा. नायकाला अडचणीत टाकणारा योगायोग प्रेक्षक चालवून घेतो, त्याची सुटका करणारा एखादाच पचतो.

अधिकाऱ्याला नायकाशिवाय किमान दोन-तीन प्रसंग हवेत. त्याला माणूस म्हणून पियानो वाजवायला लावणं ही पळवाट आता फार घासली आहे. त्याला काम करताना दाखवलं तर पुरे: माघार घेताना पूल कोणता उडवायचा, पेट्रोल कोणाला द्यायचं, कोणाला मागे सोडायचं.

पायरी ६: संवाद

इथे फार वेळ घालवू नका, संवाद दुरुस्त होतात. फक्त दोन गोष्टी बघा. साताऱ्याकडचा शिपाई सदाशिव पेठेतलं मराठी किंवा व्याख्यानमालेतलं मराठी बोलत नाही ना? आणि रेजिमेंटची घोषणा दर दहा पानांना येत नाही ना? ती एकदाच, योग्य जागी यायला हवी. चांगल्या संवादाची खूण अशी: ‘सुभेदारसाहेब, कैद्यांच्या पहाऱ्यावर आज मला ठेवा’ एवढंच नाईक म्हणतो आणि वाचताना आपल्या पोटात गोळा येतो.

पायरी ७: खर्चाच्या नजरेने पुन्हा वाचा

आता लाइन प्रोड्यूसरची, म्हणजे चित्रीकरणाचा खर्च सांभाळणाऱ्याची, टोपी घाला. रात्रीचे बाहेरचे प्रसंग, जुनी वाहनं, स्फोट, जमाव, लहान मुलं, जनावरं, नदी ओलांडण्याचे प्रसंग, वेगवेगळ्या भाषा, यांची पानवार यादी करा. इटलीत आपल्या फौजेची रसद डोंगरात खेचरांवरून जायची. पडद्यावर ते फार छान दिसेल, पण भारतात चित्रीकरण असेल तर जनावरांसाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. ‘उरी’चं बरंचसं चित्रीकरण सर्बियात झालं, यावरून जागा बदलून खर्च कसा सांभाळला जातो याची कल्पना येईल.

मोठं युद्ध छोट्या जागेत कोंडता येतं का, हा इथला खरा प्रश्न. वर सांगितलेला फ्रेंच चित्रपट बराचसा एका गढीत घडतो, आणि त्या गढीतल्या चोरवाटा फक्त नायकाला माहीत आहेत. २०२२चा फिनिश चित्रपट ‘सिसू’ घ्या: १९४४चं लॅपलंड, उजाड माळ, सोनं शोधणारा एक म्हातारा माजी सैनिक आणि माघार घेणारी एक जर्मन तुकडी. नायक जवळपास बोलतच नाही, म्हणजे भाषेचा अडसरही गेला. पुढे त्याचा दुसरा भागही आला. नमुन्यातल्या पटकथेत दहा महिन्यांचा प्रवास आणि पाच लढाया आहेत. मी लेखकाला विचारेन, शेवटचे तीन दिवस आणि एक खिंड एवढ्यात हे बसेल का? बसलं, तर बजेट निम्म्यावर येईल आणि वर ताणही वाढेल.

पायरी ८: बाजार

‘देशभक्तीचं वारं आहे, चालेल’ हे वाक्य अहवालात लिहू नका. वारं आजचं आहे, चित्रपट दोन-तीन वर्षांनी येईल. त्याऐवजी ठोस अडथळे आणि ठोस वाटा लिहा.

पहिला अडथळा सेन्सॉरचा. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट झाले. सूडकथेतली हिंसा पटकन ‘ए’कडे (फक्त प्रौढांसाठी) घसरते, आणि ‘ए’ चित्रपट तसाच टीव्हीवर दाखवता येत नाही. त्यासाठी कापाकापी करून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणून हिंसेचे कोणते प्रसंग आवाजावर किंवा चेहऱ्यावर भागतील आणि कोणते कापले तर कथा मोडेल, हे वेगवेगळं नोंदवा. दुसरा अडथळा सैन्याचा. जुलै २०२०मध्ये संरक्षण मंत्रालयाने सैन्यविषयक चित्रपट-मालिकांसाठी ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं, असं सेन्सॉर बोर्डाला कळवलं होतं. हुकूम मोडणारा नायक असेल तर हा मुद्दा वकिलाकडे पाठवा. कथा ब्रिटिशांच्या काळातली असली तरी मराठा लाइट इन्फंट्री आजही आहे, तिचं केंद्र बेळगावात आहे. तिसरी गोष्ट, शत्रू आजचा शेजारी असेल तर आखाती देशांत चित्रपट अडकण्याची शक्यता धरून चाला. तिथला प्रेक्षक हिंदी चित्रपटाच्या परदेशी कमाईत मोठा असतो. शत्रू नाझी असेल तर हा त्रास होत नाही, पण आपल्या प्रेक्षकाला त्या शत्रूबद्दल घरचा रागही नसतो. तो राग पटकथेनेच तयार करायचा.

भाषा कोणती? मराठी निर्माता ‘युद्ध’ म्हटलं की घोडे आणि तलवारी डोळ्यांसमोर आणतो. टॉमीगन घेतलेला मराठा त्याला ओळखीचा नाही. ते नवेपण विकता येईल, पण निव्वळ मराठी तिकीटविक्रीवर परदेशात घडणारा, जुन्या काळातला चित्रपट पेलणं अवघड आहे, हे स्पष्ट सांगा. त्या फौजेत गोरे अधिकारी जवानांशी हिंदुस्थानीत बोलायचे, त्यामुळे हिंदी-मराठी मिसळ खोटी वाटणार नाही. दुसरी वाट सहनिर्मितीची. भारत आणि इटली यांच्यात तसा करार आहे, आणि उम्ब्रियातल्या मोंतोने गावात २०२३मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावाचं सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं, म्हणजे तिकडेही या आठवणीला जागा आहे. दरवर्षी नोव्हेंबरात इफ्फीच्या (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) सुमारास गोव्यात भरणारा फिल्म बाजार अशा प्रकल्पांसाठीच आहे. हुकुमाविरुद्धच्या सुडाची पटकथा तिथे नेता येईल. हुकुमाच्या सुडाची असेल तर अंधेरीतल्या मोठ्या स्टुडिओंचे आणि स्टारच्या मॅनेजरचे दरवाजे ठोठवा.

तुलनेसाठी चित्रपट निवडताना त्यात एक तरी पडलेला घ्या. तीन हिट चित्रपटांची नावं लिहून आणलेला अहवाल अनुभवी निर्माता तिथेच मिटतो.

पायरी ९: अहवाल

दोन ते तीन पानं पुरेत. वर दोन वाक्यांतली गोष्ट, मग एका पानाचा सारांश शेवटासकट (शेवट लपवणारा सारांश निर्मात्याच्या काही कामाचा नसतो), मग शेरे, मग निकाल: घ्या, दुरुस्तीनंतर बघू, किंवा नको. लेखकासाठी आणि पटकथेसाठी निकाल वेगळा द्या. पटकथा नको, पण लेखक धरून ठेवा, असं बऱ्याचदा होतं. नमुन्यातल्या पटकथेला मी ‘दुरुस्तीनंतर बघू’ देईन आणि एकच अट घालेन: गाठ ३ मे रोजी पडली पाहिजे.

मुखपृष्ठावर स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा नोंदणी क्रमांक आहे का आणि मसुदा कितवा आहे, हे बघून अहवालावर लिहा. पटकथा कुणालाही फॉरवर्ड करू नका, मित्राला तर नाहीच.